आठ पिनांची केबल

मी निवृत्त झालो त्याच वर्षी कॉलेजने अडगळीची खोली रिकामी करायला काढली, आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली मला आमचं जुनं वर्कस्टेशन दिसलं. हुबळीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळायला लागलो तेव्हा हे यंत्र नुकतंच आलं होतं. साध्या संगणकाला न झेपणारी कामं त्याच्यावर व्हायची. मोठमोठी गणितं, पुलांचे आराखडे. त्याला गार हवेची वेगळी खोली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आता त्याच्यावर गळक्या छताचे डाग होते आणि कुणीतरी वर एक बिघडलेला टेबलफॅन ठेवून दिला होता.

मी प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "घेऊन जा की. भंगारवाल्याचं तेवढंच ओझं कमी."

रिक्षातून केशवापूरला आणलं. बायकोने फाटक उघडलं आणि आधी माझ्याकडे, मग रिक्षातल्या त्या भल्यामोठ्या मॉनिटरकडे बघितलं.

"टीव्ही?"

"नाही. आमचं वर्कस्टेशन."

"म्हणजे रिटायर झालात तरी ऑफिस घरी आणलंतच."

पण मॉनिटर आत घेताना दुसरी बाजू तिनेच धरली.

यंत्र तसं दिसायला साधं. मिठाईच्या मोठ्या खोक्यासारखा चपटा डबा, आत एक पंखा, आणि तो पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. जुनी डिस्क गेलेलीच होती, तिच्या जागी मेमरी कार्डाची पट्टी बसवली. आतली बॅटरीही संपली होती, त्यामुळे यंत्र दर वेळी सुरू करताना स्वतःचं नाव विसरलेलं असे. तू कोण, तुझा नंबर काय, हे मी आधी टाईप करून सांगायचं, मग ते कामाला लागायचं. बायको म्हणायची, "माझ्या आत्याचं शेवटी असंच झालं होतं." पहिल्यांदा पडद्यावर ती करडी चौकट आणि छोटं घड्याळ उमटलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो. तरुणपणी रोज सकाळी तेच घड्याळ बघून माझा दिवस सुरू व्हायचा.

मग माझ्या डोक्यात आवाजाचं आलं. त्या यंत्रातून नुसता 'टुंक' असा एक आवाज निघे, पण मागच्या बाजूला एक गोल भोक होतं, आठ पिनांचं, आणि त्यातून आवाज आतही जातो आणि बाहेरही येतो हे मला आठवत होतं. नोकरीत असताना कधी वापरलं नव्हतं. कॉलेजच्या यंत्राने गाणं म्हणावं असं कुणाला वाटणार? आता मात्र माझ्यापाशी वेळच वेळ होता.

अडचण केबलची. एका टोकाला आठ पिनांचा गोल प्लग आणि दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या, एक माइकसाठी, एक हेडफोनसाठी, अशी केबल त्या यंत्राबरोबर मिळत असे. आमची कधीच हरवली होती. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत लग्नाच्या मांडवांना स्पीकर पुरवणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथे मी तीनचार ठिकाणी विचारलं. एकाने मी कागदावर काढलेला प्लग उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "सर, हे काय आहे? सूर्यफूल?" शेवटी घरच्याच एका खोक्यात एका जुन्या प्रिंटरची केबल सापडली, तिच्या टोकाला अगदी तसाच प्लग. मधोमध कापली. आतून केसांसारख्या रंगीत तारा बाहेर आल्या. कोणती तार कोणत्या पिनेची, हे मीटरचा बझर वाजवून बघायचं. इंटरनेटवर कुणा परदेशी माणसाने फार पूर्वी काढून ठेवलेला पिनांचा नकाशा मिळाला. त्या अनोळखी माणसाला मी मनात नमस्कार केला आणि तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला बसलो.

आणखी एक गोम होती. त्याच यंत्राला कीबोर्डचंही भोक आठ पिनांचंच, आणि तेही जवळच. चुकून आवाजाची केबल तिथे गेली तर कीबोर्डचा करंट माइकच्या तारेत शिरणार. मी बायकोकडे लाल नेलपॉलिश मागितली आणि आवाजाच्या भोकाभोवती एक कडं काढलं. ती बाटलीकडे बघत म्हणाली, "माझ्यासाठी कधी एवढ्या हळू हाताने काही रंगवलं नाहीत."

माइकचा आवाज फार बारीक येत होता, म्हणून भजनी मंडळाचा एक टाकून दिलेला छोटा मिक्सर मध्ये जोडला. आवाज वाढला, पण त्याच्याबरोबर एक घुं-घुं पण आली. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर, यंत्र दुसऱ्या भिंतीच्या. दोन्ही एकाच बोर्डवर घेतले तेव्हा घुंघुं बरीच खाली बसली. यंत्रात आवाजाचा एक छोटा तक्ता होता, त्यावर सरकपट्ट्या. त्यातल्या एका पट्टीचं नाव 'मॉनिटर'. ती वर सरकवली की माइकमध्ये बोललेलं त्याच क्षणी हेडफोनमध्ये ऐकू येई. मी हेडफोन लावून स्वतःशीच "हॅलो, हॅलो" करत बसलो होतो, तेव्हा फाटक वाजलं. अक्का आली होती.

अक्काबद्दल आधी सांगायला हवं. ती माझी मोठी बहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आमचे अप्पा अळणावरला लाकडाच्या डेपोत ओंडके उचलायचे. घरात शिकलेली पहिली तीच. मॅट्रिक होऊन ती धारवाडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली, आणि दोन वर्षांत मला शिकायला स्वतःपाशी घेऊन गेली. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची फळी, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या. बेळगाव मागितलं की बेळगाव, पुणं मागितलं की पुणं. लाइनीत कितीही खरखर असली तरी पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते अक्काला कळायचं, आणि मराठी, कन्नड, हिंदी, तिन्हींत ती त्याच ठेक्यात बोलायची, खालच्या पट्टीत, एकेक अक्षर सुटं. शाळा सुटल्यावर मी एक्स्चेंजच्या पायरीवर तिची वाट बघत बसायचो. खिडकीतून तिचा आवाज येई आणि मला फार मोठं काहीतरी चाललंय असं वाटे.

तिचे कान गेले ते हळूहळू. आधी दारावरची घंटा गेली, मग नातवंडांचं बोलणं, मग फोन. तिच्या मुलाने, माझ्या भाच्याने, तिला कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून तिने डबीत घालून कपाटात ठेवलं. "कानात रेल्वे इंजीन घेऊन फिरू का?" मग आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलू लागलो. आणि ओरडून माणूस किती बोलणार? "जेवलीस का", "औषध घेतलंस का", "बस आली". बाकीचं सगळं आपोआप गळालं. ती पण सगळ्याला "हो, हो" म्हणून मान हलवायची.

तर त्या दिवशी भाचा तिला सोडून कामाला गेला. ती कॉटवर बसली, माझ्या पसाऱ्याकडे बघितलं आणि तिची नजर हेडफोनवर थांबली.

"आण इकडं," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या म्हणजे शेजाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात.

मी दिला. तिने तो सराईतपणे डोक्यावर चढवला, एक कान झाकलेला, दुसरा किंचित उघडा, एक्स्चेंजमध्ये लावायची तसा. मी माइक बाजूला ठेवता ठेवता, स्वतःशीच पुटपुटलो, "हिला काय ऐकू येणार आहे, उगीच हौस."

"येतंय की," अक्का म्हणाली. "उगीच काय?"

माइक तोंडाजवळ आणला. अगदी साध्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतात तसं म्हणालो, "अक्का, खरंच ऐकू येतंय?"

"केळस्तद, तम्मा! केळस्तद!" मन भरून आलं की ती कन्नडवर जायची आणि मी तिचा तम्मा, धाकटा भाऊ, व्हायचो. "ऐकू येतंय रे. तुझ्या नाकात सर्दी आहे ते पण ऐकू येतंय."

बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी नुसता अक्काकडे बोट दाखवत होतो. मग अक्काने माइक माझ्या हातातून घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि दचकली. तिचाच आवाज तिच्या कानात गेला होता.

"अगं बाई! मी एवढी ओरडते?"

बायकोने हळूच मान डोलावली.

"सगळ्यांसमोर? लग्नात, बसमध्ये, एवढी?" आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले, आणि मग तिचा आवाज खाली आला. एकेका वाक्यात एकेक पायरी उतरत तो पार त्या जुन्या खिडकीतल्या आवाजापर्यंत आला. अक्षरं पुन्हा सुटी झाली. मला वाटलं होतं तो आवाज म्हातारपणाने गेला. तो गेला नव्हता. तो कुठे ठेवायचा तेच तिला ऐकू येत नव्हतं.

त्या दुपारी आम्ही किती बोललो! तिच्यापाशी मागचं खूप साठलं होतं. "मोठ्या काकांच्या तेराव्याला भांडण कशावरून झालं? सगळे हातवारे करत होते, मला कुणी सांगितलंच नाही." मी सांगितलं. "आणि तुझ्या मुलीने ती बेंगळूरची नोकरी सोडली ती का?" तेही सांगितलं. ती अधूनमधून "पुढे?" म्हणायची, आणि मी घाईघाईत काही गाळलं तर लगेच पकडायची. वर्कस्टेशनचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. तो एकटा आवाज मात्र तिला ऐकू येत नव्हता, आणि ते बरंच होतं.

मला नंतर लक्षात आलं, त्या यंत्रातली आवाजाची चिप मुळात टेलिफोनसाठी बनवलेली. ती माणसाच्या बोलण्यापुरताच आवाज घेते, खालचा घुमारा आणि वरची चमक दोन्ही सोडून देते. गाणं त्यावर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. मी त्यावर नाक मुरडलं होतं. पण अक्काला नेमकं तेवढंच हवं होतं. माइक तोंडापाशी, मध्ये दुसरा गोंगाट नाही, आणि ज्याला कान आयुष्यभर सरावले होते तोच अरुंद आवाज.

त्यानंतर ती दर गुरुवारी यायला लागली. धारवाडच्या केलगेरीहून ज्युबिली सर्कलपर्यंत रिक्षा, तिथून हुबळीची बस, पुन्हा रिक्षा. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या कामाला आता खिशात मावणारी यंत्रं मिळतात." मी म्हणालो, "माहीत आहे. तुझी आई कपाटात ठेवते ती." तो हसला. मी तिच्यासाठी यंत्र आधीच सुरू करून ठेवत असे, त्याचं नाव त्याला सांगून. तासभर माझ्याशी, मग तासभर बायकोशी. त्यांचं बोलणं मी आत बसून अर्धवट ऐकायचो आणि माझं नाव निघालं की खोकायचो.

एका गुरुवारी अक्का हेडफोन काढून हातात धरून बसली. म्हणाली, "तम्मा, माझी सून बोलते कशी रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिचा आवाज. ती लग्न होऊन आली तेव्हाच माझे कान अर्धे गेले होते. तोंड हलताना दिसतं, बस. मला वाटायचं, पोरगी घुमी आहे. किंवा मी तिला आवडत नाही."

भाच्याची बायको गदगकडची, कन्नड घरातली, आणि जात्याच हळू बोलणारी. ओरडून बोलणं तिच्याने व्हायचंच नाही. मी भाच्याला फोन केला, आणि पुढच्या रविवारी तो दोघींना घेऊन आला. सून माइकसमोर बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून कुजबुजली, "मामा, काय बोलू?"

"ते पण ऐकू आलं," अक्का म्हणाली.

सून लाजली. मग माइककडे तोंड करून, मराठीत कन्नड मिसळत, हळूच म्हणाली, "अत्ती, चहा बरा असतो का माझा?"

"चहा बरा असतो गं. पण तू साखर फार घालतेस. पाक असतो तो. मी काही बोलले नाही, म्हटलं तुमच्याकडं तसाच करत असतील."

"आमच्याकडे?" सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अत्ती, मी रोज विचारते, 'अजून साखर घालू का?' तुम्ही रोज 'हो, हो' म्हणता! मला स्वतःला तो चहा पिववत नाही!"

भाचा आधी हसला, मग माझी बायको, मग आम्ही सगळेच. अक्का हसेना. ती सुनेकडे बघत होती. मग तिने हात पुढे करून सुनेच्या गळ्याला, जिथून आवाज निघतो तिथे, दोन बोटं लावली.

"मला वाटलं होतं तुझा आवाज बारीक असेल," ती म्हणाली. "हा तर केवढा भरीव आहे. हळू आहे, पण भरीव आहे."

सुनेचे डोळे भरले. बायकोने मला आणि भाच्याला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. आम्ही तिथे उभ्या उभ्या चुरमुरे खाल्ले. बाहेर दोघींचं चाललं होतं, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. सुनेच्या आईचं दुखणं, गदगचं घर, शाळेत ती गायची ते. सगळं ती लग्न होऊन आली तेव्हाच विचारून व्हायला हवं होतं असं. चुरमुरे संपले तरी आम्ही बाहेर गेलो नाही.

जाताना अक्का दारात थांबून मुलाला म्हणाली, "ते कानाचं यंत्र बघायला कुठं जायचं म्हणत होतास?"

"आता का?" तो म्हणाला. त्याला खरं वाटेना.

"आता घरी पण ऐकू यायला पाहिजे ना. हिला काय रोज हुबळीला आणणार?"

देशपांडे नगरात एक डॉक्टरबाई आहेत, कानाच्याच. अक्काबरोबर मी गेलो. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, डबीतलं जुनं यंत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हे कानात नीट बसतच नव्हतं, म्हणून शिट्टी मारत होतं. मापाचं करून घेऊ." मी त्यांना वर्कस्टेशनचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "कशावर म्हणालात?" मग अक्काकडे वळून म्हणाल्या, "सुरुवातीला सगळंच फार वाटेल. भांडी, पंखा, रस्ता. थोडं थोडं लावायचं. सोडायचं नाही."

"मी तीस वर्षं खरखरीतून माणसं ऐकलीत," अक्का म्हणाली. "आता काय सोडते!"

तरी पहिले काही आठवडे जडच गेले. कुकरची शिट्टी झाली की ती यंत्र काढून ठेवायची. कपाटात मात्र ते परत गेलं नाही. सून संध्याकाळी तिच्याजवळ बसून मुद्दाम हळू बोलायची आणि अक्का ओळखायची, असा त्यांनी एक खेळच केला होता. हळूहळू भांडी सहन व्हायला लागली.

गुरुवारच्या फेऱ्या कमी झाल्या. हे होणार होतं आणि व्हायलाच हवं होतं. तरी पहिल्या मोकळ्या गुरुवारी मी सवयीने यंत्र सुरू केलं, त्याला त्याचं नाव सांगितलं, आणि मग पुढे काय करायचं ते सुचेना. बायकोने येऊन हेडफोन उचलला, डोक्यावर घातला आणि समोर बसली. "बोला," ती म्हणाली. "मला पण कधी नीट ऐकू येत नाही तुमचं. अर्धं तोंडातच असतं." त्या दिवशी मी तिला नोकरीतल्या अशा काही गोष्टी सांगितल्या ज्या सांगितल्या आहेत असंच मी धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंकडे पुन्हा दाखवायचं होतं. काम झाल्यावर अक्काला केलगेरीला पोचवायला मी बसमध्ये तिच्याबरोबर बसलो. उणकल गेलं, नवनगर गेलं. मी काही सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. मान सरळ, नजर समोर, चेहरा एकदम निर्विकार.

"अक्का, दमलीस का?"

"शू," ती ओठ न हलवता म्हणाली. "मागं दोघी बसल्यात. जावा-जावा आहेत. सासूच्या पाटल्या कुणाला जाणार त्याचं चाललंय."

मी मागे वळणार तर तिने माझा हात दाबला. बस धारवाडात शिरली. ज्युबिली सर्कल आलं, दारं उघडली, माणसं उतरली. मी उठलो.

"बस खाली," अक्का म्हणाली. "धाकटी आत्ता बोलायला लागलीय."

दारं बंद झाली आणि आमचा स्टॉप मागे गेला.